मेणपतंग, देवमासा आणि बडे भाई

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या शहरात एक आवाज फिरायला निघतो. "ए भंगाऽऽर. लोखंऽऽड, पत्राऽऽ, जुनी बॅटरी, फुटका कूलर, भंगाऽऽर." हा आवाज तुम्ही ऐकलाय. टीव्ही सेंटरला राहत असाल तरी, जिन्सीत राहत असाल तरी, नाहीतर चितेगावच्या कंपन्यांच्या गेटासमोर चहा पीत असाल तरी. दुपारी हाच आवाज गाद्या भरून देतो, संध्याकाळी कांदे विकतो, आणि पाचोडच्या बाजारात झुरळं मारायची पावडर इतक्या इभ्रतीनं विकतो की झुरळानं उठून उभं राहावं.

आवाज ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढं माणूस तयार होतो. छाती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. मिशा अशा, की शेजाऱ्यानं कपडे वाळत घालावेत. माझी मैत्रीण रत्नमाला म्हणते, हा माणूस शिंकला तर दौलताबादच्या किल्ल्यावरची तोफ दचकून दुसरीकडं तोंड करेल.

तो माणूस माझा मोईनमामू आहे. वजन पन्नास किलो, तेही शर्ट ओला असेल तर. मिशा म्हणाल तर दाढी करताना राहून गेल्यासारख्या. आणि त्याचा खरा आवाज तोंडानं काढून दाखवायला मला फार आवडतो, पण कागदावर कसा काढायचा? कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक सूंऽऽ सुरू होते ना, ती उद्या माणसासारखी बोलायला लागली तर जशी बोलेल, तसा. फोनवर लोक त्याला अजून 'ताई' म्हणतात. शाळेत त्यानं हजेरी दिली की वर्ग खिडकीकडं बघायचा, चिमणी आली असं वाटून. गल्लीतली पोरं त्याला पिपाणी म्हणायची. त्यातली दोन-तीन पोरं आता आजोबा झालीत, तरी म्हणतात.

शहागंजच्या मागच्या गल्लीत मामूचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. हातगाड्यांवर जो भोंगा बसवलेला असतो, त्यातली हाळी तो भरून देतो. पुढं काउंटर, मागं जाड पडदा, पडद्याआड भिंतींना रजया ठोकून केलेली एक खोली, खोली कसली, कपाटच. त्यात माईक आणि एक जुना कॉम्प्युटर. आत बसलं की बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही आणि दहा मिनिटांत माणसाचं भरीत होतं.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. पहिलं गिऱ्हाईक आलं भिकन भंगारवाला, चितेगावचा. मामूनं त्याची हाळी स्वतःच्या आवाजात भरली आणि वाजवून बघितली. ऐकून मामूलाच वाटलं, ह्या आवाजाला कोण लोखंड देईल, फार तर टाचण्या देतील. म्हणून त्यानं चिडून कॉम्प्युटरमधलं स्पीडचं बटण खाली ओढलं. आवाज सावकाश झाला, आणि सावकाश झाला तसा जाड झाला, आणि अचानक त्या रजयांच्या कपाटात एक धिप्पाड माणूस येऊन बसला. फक्त तो फार हळू बोलत होता. मग मामूनं सगळी हाळी एका दमात, बकरीच्या मागं कुत्रं लागल्यासारखी म्हटली, भंगारलोखंडपत्राजुनीबॅटरी, आणि ती खाली ओढली. झालं काम.

तेवढ्यात भिकन चहा घेऊन दुकानात आला आणि दारातच थांबला. मामू पडद्यातून बाहेर आला, आत हाळी वाजतच होती.

"हे कोन बोलून ऱ्हायलं मोईनभाई?"

मामूच्या तोंडातून निघून गेलं, "बडे भाई."

"कुटं हायेत?"

"अंदर."

भिकननं पडद्याकडं बघून हात जोडले, चहाचा दुसरा कप मागवला आणि पडद्याखालून अदबीनं आत सरकवला. त्या दिवसापासून बडे भाई आमच्या घराण्यात आले.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं. पण दुसऱ्या दिवशी भिकन चार गाडीवाले घेऊन आला, आणि सगळ्यांना बडे भाईंचाच आवाज पाहिजे होता. मोईनभाईचा कोणालाच नको. मामूला पहिल्यांदा कळलं की आपला आवाज लोकांना आवडतो, फक्त तो आपला आहे हे त्यांना कळता कामा नये.

बडे भाई वाढत गेले. त्यांच्यासाठी दोन कप चहा यायचा, आंबे यायचे, ईदला वेगळा सलाम यायचा. भिकनची आई बानाबाई, सगळा जन्म मेंढरांमागं हिंडलेली म्हातारी, दर महिन्याला भाईंच्या गळ्यासाठी ज्येष्ठमधाची पुडी पाठवायची. भाई बाहेर का येत नाहीत याच्या कहाण्या गाड्यांवरून फिरत राहिल्या. कोणी म्हणे पाय अधू आहेत. कोणी म्हणे मन्नत आहे. एक लिंबूवाला तर सांगायचा की भाई एवढे जाड आहेत की दुकान त्यांच्या भोवती बांधलंय. मामू यातलं काहीच कबूल करायचा नाही, नाकबूलही करायचा नाही. फक्त खोकायचा.

खरं माहीत होतं ते आम्हा घरच्यांना. मामूची बायको, वहिदा मुमानी, दुकानात डबा घेऊन आली की पडद्यासमोर डोक्यावरून ओढणी पुढं घ्यायची. "जेठजी बैठे हैं," म्हणायची, म्हणजे थोरले दीर. "निकाह के टाइम पे तो एकइच बताए थे जी. ये दूसरे कब निकले?" मामू दोन्ही कप पिऊन बसलेला असायचा. मुमानी कप उचलत म्हणायची, "जेठजी को शक्कर कम देना. उमर हो गई उनकी."

सगळं असं छान चाललं होतं, आणि मग सत्यभामा मॅडम आल्या.

मॅडम आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बरं का' वर येऊन बसतं, जशी चिमणी तारेवर. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात बसले होते, तर मॅडम हातात काचेची बरणी घेऊन दारात. बरणीत राखाडी रंगाचे, नखाएवढे चार-पाच पतंग तुरूतुरू पळत होते.

"तहरीम, आपल्या शाळेच्या गच्चीवरची मधपेटी कोणी खाल्ली, आठवतंय ना?" मॅडम मला म्हणाल्या. "हे ते चोर. मेणपतंग, बरं का."

मग त्यांनी बरणी काउंटरवर ठेवली आणि मामूकडं वळल्या. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. त्यांना दोन प्राण्यांची तुलना मांडायचीय. एक हा मेणपतंग, दुसरा निळा देवमासा. जगातल्या सगळ्यात बारीक आवाजाला कान देणारा आणि सगळ्यात जाड आवाजात बोलणाऱ्यांपैकी एक.

"माणसाचे कान जिथं दमून बसतात ना मोईनभाई, त्याच्या पंधरापट वरचं ह्याला ऐकू येतं, बरं का. वटवाघूळ शिकारीला निघालं की किंचाळत असतं. आपल्याला त्यातलं काही कळत नाही. सहलीला दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी भुयारात गेलो होतो, तेव्हा ही मुलं म्हणाली, किती शांत आहे. तिथं वटवाघळांचा बाजार भरला होता. किल्ल्या आहेत का तुमच्याकडं? वाजवा."

मामूनं दुकानाच्या किल्ल्या वाजवल्या. बरणीतले पतंग जागच्या जागी थिजले. मामू थांबला, ते पळायला लागले. त्यानं पुन्हा वाजवल्या, पुन्हा सगळे पुतळे.

"किल्ल्यांच्या खुळखुळीत आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाज असतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांना वाटतं वटवाघूळ आलं."

मामूनं इतक्या वेळा वाजवल्या की समोरच्या चपलांच्या दुकानातून विचारणा झाली, मोईनभाई, कुलूप बिघडलं काय. मामूचा चेहरा असा उजळला होता, जसा मुमानीलासुद्धा कधी दिसला नसेल. "मॅडम," तो आपल्या सूंऽऽ आवाजात म्हणाला, "आजवर मला कोणी घाबरलं नव्हतं."

"आणि ह्यांचे नर स्वतःही बोलतात. पंखांनी टिकटिक करून मादीला बोलावतात. पण इतकं बारीक, की आपल्याला ऐकायचं तर रेकॉर्ड करून सावकाश करावं लागतं."

मामूनं किल्ल्या खाली ठेवल्या. "सावकाश करून?"

"हो. आणि देवमाशाचं उलट. तो इतक्या खर्जात बोलतो की बऱ्याच वेळा आपल्याला पत्ताच नाही. त्याचं रेकॉर्डिंग पळवलं की मग कळतं."

मामू बरणीवर वाकला. "म्हणजे छोट्याला सावकाश करायचं, बड्याला पळवायचं, की दोघं एकाच जागी भेटले."

"आपल्या कानापाशी," मॅडम म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की 'बरं का' राहूनच गेलं.

त्यानंतर मॅडम सांगत गेल्या आणि मामू मान हलवत गेला. दोघा प्राण्यांचा संवाद करू. "हौ." हातगाडीच्या हाळीसारखा, म्हणजे मुलं ऐकतील. "हौ." देवमासा बडे भाई करतील, त्यांचा आवाज मी रोज सकाळी ऐकते. "हौ." पतंगासाठी एखादी मुलगी बघते. "पतंग मैं करूंगा," मामू म्हणाला. मी बघतच राहिले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःचा आवाज स्वतःहून कोणाला दिला नाही, तो मागून घेत होता. आणि मॅडम म्हणाल्या, रेकॉर्डिंग मात्र नको, बडे भाई स्वतः समोर हवेत.

"हौ," मामू म्हणाला.

तो 'हौ' पुढं निघून गेला आणि मामू मागं राहिला. तोपर्यंत मॅडम बरणी घेऊन रिक्षात बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी भंगार देता देता भिकनला सांगितलं की तुझ्या भोंग्यातले भाई आमच्या शाळेत येणार आहेत. भंगारवाल्याला सांगितलेली बातमी ही वर्तमानपत्रात दिलेल्या बातमीपेक्षा बरी. ती घरोघर तर जातेच, वर मोठ्यानं जाते. दुपारी भिकन दुकानात आला तो उड्या मारतच.

"मोईनभाई, आमी समदे येनार. गाड्या बंद ठिवून. हार सांगितलाय गुलमंडीला, मोठा, भाईच्या मापाचा. आन आई येनार म्हनती."

"बानामाय कशाला एवढ्या लांब," मामू कसाबसा म्हणाला.

"ती म्हनती, लई वर्सं ज्येष्ठमध धाडला, आता गळा डोळ्यांनी बगू दे. तिचं काय चुकलं सांगा?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. भिकन गेला आणि मामू पडद्याआड जाऊन बसला. बडे भाईंच्या जागी.

घरी रात्रीच्या जेवणाला मसलत बसली. मुमानी पोळ्या लाटत होती आणि एकेक पोळीबरोबर एकेक तोड टाकत होती, आणि मामू ती खोडत होता.

"उमरा को गए बोलो."

"भिकन हार घालायला विमानतळावर जाईल."

"बीमार है बोलो."

"बानामाय उशाशी येऊन बसेल."

"तो फिर इंतकाल हो गया बोलो. छुट्टी."

मामूचा घास हातात राहिला. "कैसी बातां करते तुम. अच्छे खासे हैं."

"कौन अच्छे खासे हैं?"

"बडे भाई."

मुमानीनं लाटणं ठेवलं आणि ओढणी तोंडात कोंबली. मी तर पाणीच प्यायले होते, ते नाकातून आलं. मामू हसला नाही. तो म्हणाला, "तुम लोगां हसो. ते गेले तर मागं पिपाणी राहते."

ते ऐकून मुमानीनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि मसलत संपली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शाळेच्या भिंतीला लागून गाड्याच गाड्या. भंगार, कांदे, लिंबू, चादरी, गाद्या, सगळ्यांचे भोंगे बंद. एवढे भोंगे एकत्र आणि एवढी शांतता हे मी पहिल्यांदा ऐकलं. मैदानात सतरंज्यांवर पोरं, मागं गाडीवाले, आणि अगदी पुढं खुर्चीवर बानाबाई. नऊवारी, कपाळावर भंडारा, कमरेला पिशवी. तिच्या शेजारी भिकन मांडीवर हार घेऊन बसला होता. हार कसला, झेंडूचा अजगर.

मामूनं मार्ग काढला होता. स्टेजच्या कडेला दुकानातला पडदाच आणून बांधला होता. त्यामागं कॉम्प्युटर आणि मोठा स्पीकर. देवमाशाची वाक्यं त्यानं आदल्या दिवशी भरून ठेवली होती, मध्ये मध्ये मोकळी जागा सोडून. त्या जागांत तो स्वतः पतंग म्हणून बोलणार. मॅडमना त्यानं सांगितलं की भाई शरमिंदे आहेत, शेवटी बाहेर येतील. शेवटी काय करायचं हे त्यालाही माहीत नव्हतं.

मामू माईकपुढं उभा राहिला. मुमानीच्या जुन्या राखाडी शालीचे पंख. त्यानं तोंड उघडलं आणि पोरं हसली, पण तो पतंग होता, पतंगाला हसलं तर चालतं.

"घ्या ओ घ्या, मेणपतंग घ्या. नखाएवढा, हलका, वीज लागत नाही, जेवण लागत नाही. मोठा झालो की मला खाताच येत नाही. सगळं लहानपणीच खाऊन घेतलं, तुमच्या गच्चीवरच्या पेटीत."

पडद्यामागून धरणी हलली. "ए देवमाऽऽसा. दोन एश्ट्या एकीमागं एक लावाऽऽ, वर अर्धी जोडाऽऽ, तेवढाऽऽ लांब."

मागं गाडीवाल्यांत कुजबुज झाली, भाई, भाई. लिंबूवाल्यानं फेटा नीट केला.

"लांबीचं काय सांगता," मामू पंख झटकत म्हणाला, "कान कुठंयत तुमचे? माझे बघा, पोटाला आहेत. भूक लागली तरी ऐकू येतं."

"माझे काऽऽन बाहेर दिसत नाऽऽहीत. पण मी बोललोऽऽ की शेकडो मैलांवरचा पाव्हणाऽऽ चहा टाकतो."

पोरं सतरंजीवर लोळत होती. मॅडम हात चोळत उभ्या होत्या. आणि तेवढ्यात बानाबाई खुर्चीतून उठली. तिला गोष्टीतलं देणंघेणं नव्हतं. ती भाईंना भेटायला आली होती.

"भाई," ती पडद्याकडं बघून म्हणाली, "जेवला का बाबा?"

पुढचं वाक्य मामूचं होतं, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. मोकळी जागा संपली आणि पडदा बोलला, "दिवसाला कित्येक टन कोळंबी खातोऽऽ."

"आगं माय," बानाबाई म्हणाली. "मंग पोट जड झालं असंल. जीभ दाव बरं, पांढरी हाय का?"

"माझी जीऽऽभ हत्तीएवढी जड आहे."

भिकन घाबरून उभा राहिला. मामू पंख हलवत "बानामाय, बानामाय" करत होता, पण त्याचा आवाज हशात विरून गेला. आणि म्हातारी आता रंगात आली होती.

"घरी कोन कोन हाय तुज्या?"

पडदा थोडा थांबला, मग म्हणाला, "एवढ्या मोठ्या पाण्याऽऽत मी बहुतेक एकटाऽऽच फिरतो."

बानाबाईनं पदर डोळ्याला लावला. "एकटाच," ती लोकांना म्हणाली. "येवढा भाऊ असून एकटा ठिवलाय, अंधारात." मग मामूकडं एक नजर टाकली, जिनं दुसरा कोणी असता तर तिथंच वितळला असता, कमरेच्या पिशवीतून ज्येष्ठमधाची पुडी काढली आणि स्टेजची पायरी चढली. "म्या माज्या हातानं देते."

तिचा हात पडद्याला लागला. बायकांच्या रांगेतून मुमानी हातानं खुणा करत होती, बेशुद्ध पडा, बेशुद्ध पडा. मामूनं तिकडं बघितलंही नाही. तो माईकमध्ये म्हणाला, "बानामाय, पडद्यामागं कोणी नाही."

पोरांना वाटलं हेही गोष्टीतलंच, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामूनं पडदा स्वतःच बाजूला ओढला. स्पीकर, कॉम्प्युटर, वायर, आणि सवयीनं ठेवलेले चहाचे दोन कप.

"मॅडमनी सांगितलं," मामू म्हणाला, आणि त्याचा आवाज होता त्याहून बारीक झाला, "की देवमासा नीट ऐकायचा तर पळवावा लागतो. तर पळवतो." त्यानं भिकनची हाळी लावली. "ए भंगाऽऽर, लोखंऽऽड, पत्राऽऽ." सगळ्या मैदानाला पाठ असलेली. मग त्यानं स्पीडचं बटण वर न्यायला सुरुवात केली. बडे भाई आधी घाईत आल्यासारखे बोलू लागले. मग त्यांचं वजन उतरलं, मिशा गळाल्या, छाती बसली, आणि शेवटी स्पीकरमधून जे निघालं ते होतं भंगारलोखंडपत्राजुनीबॅटरी, बकरीच्या मागं कुत्रं. मामूनं माईक तोंडाला लावला आणि त्याच्या बरोबरीनं तेच म्हटलं, त्याच दमात, त्याच सुरात. दोन आवाज होते, पण मध्ये सुई जायला जागा नव्हती.

मग त्यानं स्पीकर बंद केला. गाडीवाले बसले होते तसेच बसून होते, बरणीतल्या पतंगांसारखे.

पहिला हलला तो भिकन. हार खांद्यावर टाकून तो स्टेजपाशी आला आणि त्यानं विचारलं, "मंग येवढे दिवस दुसरा चहा कोन पित व्हतं?"

"मीच," मामू म्हणाला.

"आन आंबे?"

"मी. वहिदा. ही तहरीम."

मी रत्नमालाच्या मागं सरकले.

"आन ज्येष्ठमध?"

"तो बी मैंइच."

आता बानाबाई जवळ आली. तिनं मामूची हनुवटी धरून मान वर केली, गळा दोन बोटांनी चाचपला, इकडून, तिकडून, जसं मेंढरू विकत घेताना बघतात. सगळं मैदान तिच्या बोटांकडं बघत होतं. मामूनं डोळे मिटून घेतले होते.

"मंग काय बी लागू पडलं न्हाय की रं," ती म्हणाली.

आधी भिकन फुटला. मग लिंबूवाला, मग गाद्यावाला, मग सगळे गाडीवाले. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मुमानी तर शेजारणीच्या खांद्यावर पडली होती, अखेर बेशुद्ध पडायचं काम तिनंच केलं. आणि मामू, ज्याला ह्याच हसण्याची सगळा जन्म भीती होती, तो एक डोळा उघडून बघत होता. कारण पिपाणी म्हणताना लोक ज्याच्याकडं बघून हसायचे तो एकटा असायचा. इथं म्हातारी त्याची हनुवटी धरून उभी होती आणि सोडत नव्हती.

"हसू नगा रं," तीच हसत म्हणाली. "जाड आवाजाला मेंढरं येत न्हाईत. पळत्यात. ती येत्यात बारीक हाळीला." आणि तिथंच, माईक नसताना, तोंडाशी हात धरून तिनं एक हाळी दिली, अशी बारीक, अशी लांब, की गेटाबाहेरचं कुत्रं आत आलं. मी घरी किती वेळा काढून बघितली, अजून जमत नाही.

भिकननं हार मामूच्या गळ्यात घातला. तो बडे भाईंच्या मापाचा होता. मामूला गळ्याभोवती दोन वेढे देऊनही जमिनीला लागत होता, आणि पंखांत अडकला, म्हणून मामू स्टेजवरून उतरला तो झेंडूत गुंडाळलेला पतंग म्हणूनच उतरला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर उघडायला मामू उशिरा गेला. त्याला वाटलं, आता कोण येतंय. तर भिकन आधीच पायरीवर बसलेला, भोंगा मांडीवर.

"हाळी बदलायची," तो म्हणाला.

मामूचं तोंड पडलं. "हौ. दुसरीकडून भरून घेणार असशील तर भोंग्यातली चिप काढून देतो."

"दुसरीकडं काय करू? देवमासाच ठिवा. भंगार, लोखंड, पत्रा, समदं भाईच बोलंल. फकस्त शेवटाला तुमी या. एकदाच. येगळं लागाया पायजे, गल्लीत तीन भोंगे येत्यात, कोनाला भंगार द्यावं ते लोकायला कळंना."

मामू कपाटात गेला. भिकन पडदा बाजूला करून पहिल्यांदाच आत आला, रजयांना हात लावून बघितला, आणि घाम पुसत बाहेर येऊन म्हणाला, "भाई इथं बसायचे व्हय. बिचारे."

तर आता सकाळी आठला तुम्ही ऐकाल ते असं असतं: "ए भंगाऽऽर. लोखंऽऽड, पत्राऽऽ, जुनी बॅटरी, फुटका कूलर, भंगाऽऽर." आणि मग, कोणीतरी किल्ल्या खुळखुळवाव्यात तसं, अगदी वर, "भंगार." पोरं गॅलरीत येऊन तेवढ्यासाठी थांबतात. रत्नमालाच्या इमारतीत त्याला पतंग आला म्हणतात.

हाळी बदलली त्या दिवशीही चहा दोन कप आला. चहाच्या पोऱ्यानं सवयीनं एक मामूपुढं ठेवला आणि दुसरा पडद्याकडं न्यायला लागला. भिकननं त्याला मध्येच अडवलं.

"इकडं आन," तो म्हणाला. "लई वर्सं मीच पाजला. आता माजा मला पिऊ दे."

मामूनं त्याच्याकडं बशी सरकवली. डबा घेऊन आलेली मुमानी दारात थांबली, भिकनच्या हातातल्या कपाकडं बघितलं आणि डोक्यावरून ओढणी पुढं घेतली.

"सलाम जेठजी," ती म्हणाली. "आज बाहर कैसे?"